तीन रेकू राहिले

बरकतपुरा, हैदराबाद
२ मे

रितेश,

वर ‘चिरंजीव’ लिहू की नको, याचा दहा मिनिटं विचार केला आणि शेवटी नुसतं नाव लिहिलं, खालीही ‘अक्का’ऐवजी नावच लिहीन. चाळिशी उलटलेल्या भावाला चिरंजीव लिहायला हरकत नसते, पण लिहिणारीचा तेवढा हक्क उरलाय का, ते मला ठाऊक नाही. आधी चार वेळा फोन केला होता. एकदाही लागला नाही. प्रणिता म्हणाली, “मम्मी, मामाने तुझा नंबर ब्लॉक करून ठेवलाय, तू किती वेळा लावशील?” म्हणून हे पत्र. तुझा नांदेडचा पत्ता एकनाथकाकांच्या सुनेकडून काढून घेतला. तिला रागावू नकोस, मीच पिच्छा पुरवला.

कामाचं सांगते. परवा दुपारी चारच्या सुमाराला इथे वादळ आलं. आधी लाल धूळ, मग वारा, मग गारा. अर्ध्या तासाचा खेळ. मी खाली खिडक्या लावत फिरत होते आणि वर कुणीतरी ट्रंका फेकल्यासारखे आवाज येत होते. थांबल्यावर गच्चीवर जाऊन बघते तर तुझ्या खोलीच्या डोक्यावर आभाळ. रेकू उडाले. तुमच्या नांदेडात पत्रे म्हणत असतील, इथे तेलुगू येत नसलेला माणूससुद्धा रेकूच म्हणतो, तुला आठवतच असेल. अकरापैकी आठ गेले. जिन्याकडच्या कोपऱ्यातले तीन तेवढे जागेवर आहेत.

एक रेकू शेजारच्या भाग्यलक्ष्मीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन पडला. टाकी फुटली, माणसाला कुणाला लागलं नाही. ती गेटवर येऊन म्हणते, “अक्का, मी इल्लु मा इंटिकि वच्चिंदि.” तुमचं घर आमच्या घरी आलंय. म्हणाली आणि हसत सुटली. मी लाजेने अर्धी झाले आणि मलाही हसू आवरेना. टाकी नवी घेऊन देते म्हटलं.

आता अडचण. तुझ्या खोलीला तुझं कुलूप आहे. अकरा वर्षं आहे, आणि मी त्याला हात लावलेला नाही. दसऱ्याला सगळं घर झाडते, तुझ्या दाराशी येऊन केरसुणी थांबते. वरून उघडी आणि दाराला कुलूप, असा आता प्रकार झालाय. रेकूवाले जब्बारभाई येऊन बघून गेले. ते म्हणतात, आतून बांबू बांधल्याशिवाय ताडपत्रीसुद्धा टिकणार नाही, कुलूप तोडतो, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. आपल्याकडे शिडी नाही, त्यांनी त्यांची आणली होती, ती घेऊन परत गेले.

तेव्हा किल्ली पाठव, नाहीतर ‘तोड’ असं कळव. पावसाळ्याआधी छप्पर बसलं नाही तर पाणी खालच्या स्लॅबमध्ये उतरेल. घर तुझ्याही नावावर आहे, म्हणून विचारते.

छपराचं नाव काढलं की तुझ्या मनात काय येत असेल ते मला कळतं. ते मी आता उकरत नाही. गळती बघायला बाबा वर चढले, पडले, काका तुला नको ते बोलले आणि तू गेलास. झालं ते झालं. मी तुला तेव्हाही दोष दिला नव्हता आणि आताही देत नाही.

सुजाता

*

बरकतपुरा
११ मे

रितेश,

कुरिअर मिळालं. किल्ली चौकटीच्या कागदात गुंडाळलेली होती. मी आधी किल्ली बाजूला ठेवून कागद उलगडला, पत्र असेल म्हणून. त्यावर छपराचा नकाशा. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाव नाही. ‘जोड पूर्वेला ठेवणे, वारा पश्चिमेकडून येतो. बोल्ट उंचवट्यावर मारणे, खोलात नाही. डांबरी वॉशर वापरणे.’ अक्षर मात्र तसंच आहे, शाळेतल्या मुलाचं. मी तो कागद तीनदा वाचला. त्यात माझ्यासाठी काही नव्हतं, तरी वाचला.

जब्बारभाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कागद उन्हाकडे धरला, बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “आपा, ये कागज भेजे सो कौन है?”

मी म्हटलं, “भाई है मेरा. नांदेड में रहता. शेड वगैरे बनाता.”

“उस्ताद है. तो भाई कू बुलाना था, मेरेकू कायकू बुलाए?”

मी चहा टाकायला आत गेले.

तू नांदेडात शेड घालतोस, कापसाच्या गिरण्यांची मोठमोठी कामं असतात, हे मला काकांच्या सुनेकडून कळत असतं. ती मुद्दाम सांगते, मी मुद्दाम ऐकत नसल्यासारखं करते.

जब्बारभाई शिडी लावून वर गेले आणि वरूनच मला हाका मारायला लागले. ते जे तीन रेकू राहिलेत ना, ते त्यांना बाकीच्यांपेक्षा वेगळे वाटले. म्हणाले, उडालेले सगळे जुने होते, बोल्ट खोलात, गंज चढलेला, एक ना एक दिवस जाणारच होते. “लेकिन ये तीन तो कोई दिल लगा के बिठाया. इत्ता तूफान आया, हिले तक नहीं. कोन लगाया ये?”

मी खालून म्हटलं, मालूम नहीं.

प्रणिता माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे वळून बघितलं. तिला त्यातलं काही आठवत असण्याचं कारण नाही, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पण बघितलं.

मी असं का म्हणाले, कुणास ठाऊक. तोंडातून निघून गेलं.

खोली अजून उघडली नाही. किल्ली फ्रीजवर आहे. गुडघा दुखतोय, जिना चढवत नाही, असं मी प्रणिताला सांगितलं. ती म्हणाली, मग त्या दिवशी गारा बघायला धावत कशी गेलीस. हल्ली तिला सगळं दिसतं. एक बरं आहे, तिला माझं मोडकं-जोडकं मराठी अक्षर वाचता येत नाही. छापील असलं तर बोट ठेवून वाचते. त्यामुळे ही पत्रं टेबलावर उघडी पडली तरी मला धाकधूक नसते.

उद्या उघडते खोली.

सुजाता

*

बरकतपुरा
१३ मे

रितेश,

काल खोली उघडली. आज लिहिते आहे, कारण काल हात चालत नव्हता.

कुलूप पहिल्या फिरकीत उघडलं. तेल घालून गेला होतास की काय? आत गारांचं पाणी वाळून गेलं होतं, जमिनीवर मातीचे थर. खाट ओली, गादी गेल्यात जमा. भिंतीवरचं कॅलेंडर त्याच वर्षीच्या मे महिन्यावर थांबलंय, फुगून दुप्पट झालंय. बिस्किटाच्या डब्यात तुझे वॉशर होते, ते जब्बारभाईंनी मागून घेतले, मी दिले. खाटेखालची ट्रंक बाहेर ओढली तर ती कोरडी होती. तरी म्हटलं, दमट असेल, उन्हात उघडून ठेवू. कपडे काढता काढता तळाशी हाताला जाडसर काहीतरी लागलं.

बाबांची दोन धोतरं एकाला एक जोडून शिवलेली. जोड लाल दोऱ्याचा. त्या दिवशी घरात पांढरा दोरा संपला होता म्हणून मी लालने शिवलं होतं, आणि बाबा मला म्हणाले होते, आता हे नेसलं तर लोक मला नवरदेव म्हणतील. ते कापड मी कुठेही ओळखीन. त्यावर गोल गोल डाग होते, आणि सहा कुरडया चिकटलेल्या होत्या. काढायला गेले तर निघेनात. दगडासारख्या झाल्यात.

मी गच्चीवरच बसले. जब्बारभाई म्हणाले, “आपा, चक्कर आई क्या?” मी हौ म्हटलं.

तर तुला माहीत होतं.

रितेश, आता जे लिहिते ते मी माणसाला कुणालाच सांगितलेलं नाही. हे वारले त्या आधी सहा महिने अंथरुणाला होते, रोज शेजारी बसत होते मी, त्यांनाही नाही. तुला सगळं ठाऊक आहे असं आता दिसतंय, तरी मला माझ्या हाताने लिहू दे.

बाबा गळती बघायला चढले नव्हते. गळती तेव्हा उरलीच नव्हती. आधीच्या रविवारी तू कोपऱ्यातले तीन रेकू बदलले होतेस, मी तुला शिडीवर चहाचा कप दिला होता आणि तू म्हणाला होतास, बाकीचे दिवाळीत बदलू. नवे रेकू चकचकीत होते, स्वच्छ होते. त्या वर्षी मी दोन किलो गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. गच्चीवर कबुतरं घाण करतात, आणि रेकूवर ऊन असं लागतं की दीड दिवसात कडकडीत. म्हणून तू कामाला गेल्यावर मी तुझ्या त्या तीन रेकूंवर कापड पसरलं आणि कुरडया घातल्या. मी चढले तेव्हा शिडी बाबांनी धरली होती. दोन्ही हातांनी, अगदी पाय रोवून.

चारला वारा सुटला. मी स्वयंपाकघरातून ओरडले, “बाबा, कुरडया भिजतील, तीन दिवसांची मेहनत आहे.” असंच म्हणाले, शब्द मला पाठ आहेत. ते बहात्तर वर्षांचे होते. मी अडतीस-चाळिशीची धडधाकट बाई खाली होते आणि त्यांना ओरडून सांगत होते. ते गेले. वरून हाक आली, “सुजे, शिडी धर गं, वारा आहे.” मी म्हटलं, “दूध उतरवते आणि आले.” दूध वर यायला आलं होतं. मी गॅसपाशी उभी राहिले. दूध ओतू गेलं असतं तर काय झालं असतं रे? ओटा पुसावा लागला असता, एवढंच.

शिडी पडल्याचा आवाज मी ऐकला. नंतरचा आवाजही ऐकला.

दवाखान्यात काका धावत आले आणि पहिलं काय विचारलं, तर “या वयात हा वर कशाला तडमडला?” बाबा त्यांच्याकडे दोन महिने गळतीचं रडगाणं गात होते, ते मला माहीत होतं. माझ्या तोंडून निघालं, “गळती बघायला.” मी ठरवून बोलले नाही. पण एकदा बोलल्यावर ते परत घेतलंही नाही. बाबा दोन दिवस होते, शुद्धीवर आलेच नाहीत. मी घरी आले तेव्हा गच्ची लख्ख होती. कापड नाही, एक कुरडई नाही. मला वाटलं, वाऱ्याने नेलं, पावसाने धुतलं. देवाने मला झाकलं, असंही वाटलं. खोटं नाही सांगत, तसंच वाटलं.

मग तेरावा. जेवणं झालेली, सगळे अंगणात, आणि काकांनी तुला उभं करून म्हटलं, “गावाची छपरं घालत फिरतोस आणि बापाचं गळकं ठेवलंस. खाल्लंस बापाला.” तू त्यांच्याकडे बघितलंच नाहीस. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, “दूध बघते,” आणि आत गेले.

पुन्हा दूध. दुसरं काही सुचलंही नाही मला.

तू रेकू बदललेत असं सांगू शकला असतास. चार पावलं चालून काकांना वर नेऊन दाखवू शकला असतास. तू गप्प राहिलास, आणि मला वाटलं, तुला अपराधी वाटतंय म्हणून गप्प आहे. म्हणजे बघ, माझं खोटं मलाच खरं वाटायला लागलं होतं. बाबा पडले त्या संध्याकाळी तू घरी येऊन एकेक कुरडई वेचलीस, निघाल्या नाहीत त्या तशाच ठेवून धोतरांची घडी ट्रंकेत ठेवलीस, जाताना खोलीला कुलूप लावलंस, हे मला काल कळलं. बापाला हिने चढवलं असं लोकांनी मला म्हणू नये म्हणून. आणि मी तुला अंगणात एकटं उभं करून आत गेले.

माझी चूक होती. शिडीची एक आणि अंगणातली दुसरी. पहिली घाईत झाली. दुसरी अकरा वर्षं चालू होती.

हे वाचून तू पत्र फाडलंस तरी माझं काही म्हणणं नाही. कापड मी धुतलेलं नाही.

सुजाता

*

बरकतपुरा
३० मे

रितेश,

सतरा दिवस झाले, तुझं काही आलं नाही. येईल असं गृहीत धरून मी पोस्टमनला दोनदा हटकलं, तर तो म्हणाला, अम्मा, आजकाल तुमच्याएवढी वाट कुणी बघत नाही. बरोबर आहे त्याचं.

छप्पर झालं. जोड पूर्वेला आहे, बोल्ट उंचवट्यावर, जब्बारभाईंनी एकेक मला वाजवून दाखवला. तुझे तीन त्यांनी काढले नाहीत, तसेच ठेवून नवे त्यांना जोडून घेतले. शेवटच्या दिवशी मी त्यांना सांगितलं, वो तीन मेरे भाई ने लगाए थे, मैं झूठ बोली थी. ते हातातली पक्कड पुसत म्हणाले, “मालूम था आपा. कागज पे हाथ वैच था.”

सगळ्यांनाच सगळं माहीत असतं, असं मला आताशा वाटायला लागलंय.

प्रणिताला पत्र वाचून दाखवलं. म्हणजे तेरा तारखेचं. त्याची मी एक नक्कल ठेवली होती. तिला अक्षर लागत नाही म्हणून मीच वाचलं, मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ‘दूध बघते’सुद्धा. ती उठून गेली. तासाभराने परत आली आणि म्हणाली, “मम्मी, आजोबांची वाली गोष्ट ठीक आहे, ॲक्सिडेंट होता तो. पण मामाचं तू रॉंग केलंस. सिरियसली रॉंग केलंस.” मी म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून तुझी गादी उन्हात घातली, पण ती काही कामाची राहिली नाही.

मग विद्यानगरला गेले, काकांकडे. हे तुला लिहायचंच आहे, कारण तुला हसू येईल, आणि यावं.

काका आता चौऱ्याऐंशीचे आहेत. कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते खणात ठेवतात. मी ठरवून गेले होते की जवळ बसून हळूच सांगायचं. पण हळू बोलणं त्या घरात आता कुणाला चालत नाही. मी म्हटलं, “काका, बाबा गळती बघायला चढले नव्हते.”

“कोण?”

“बाबा.”

“लक्ष्मण? तो तर वारला.”

“हो. मी चढवलं त्यांना. कुरडया काढायला.”

“कुरडया कशाला आणल्यास, मला दात कुठे आहेत?”

सून हसायला लागली. मग मला ओरडावंच लागलं. अकरा वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य मी असं ओरडून सांगितलं, की सून, तिचा मुलगा, भांडीवाली, आणि मला वाटतं वरच्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा, सगळ्यांनी ऐकलं. रितेशने रेकू आधीच बदलले होते, बाबांना वर मी पाठवलं, शिडी मी धरली नाही, आणि गळतीचं खोटं मी सांगितलं. एकेक वाक्य दोनदा. भांडीवालीने नळ बंद करून ठेवला होता.

काका खिडकीकडे बघत बसले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही, पुन्हा सुरुवात करावी लागणार. मग ते म्हणाले, “मी त्या पोराला काय बोललो ते मला आठवतं.” सुनेकडे वळून म्हणाले, “कागद दे.”

सोबत त्यांची चिठ्ठी आहे. हात कापतो त्यांचा, अक्षर लावून घे. मी वाचलेली नाही. मला त्यांनी एवढंच विचारलं, “तो जेवतो का वेळेवर?” मला उत्तर माहीत नव्हतं. तेव्हा मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

आता घरात, विद्यानगरात आणि भांडीवालीच्या कृपेने आणखी कुठे कुठे, सगळ्यांना खरं ठाऊक आहे. तू उत्तर दे किंवा देऊ नकोस, हे मी परत घेणार नाही.

किल्ली फ्रीजवरच आहे. दाराला कुलूप लावलेलं नाही.

सुजाता

*

बरकतपुरा
१० जून

रितेश,

तुझं पत्र काल मिळालं. आधी मी ते उघडलं नाही. भाग्यलक्ष्मी नवी टाकी बसल्याचं सांगायला आली होती, तिच्याशी टाकीबद्दल बोलत राहिले, मग कुकर लावला, मग उघडलं. माझी ही सवय काही जात नाही.

पाच ओळी आहेत. मी मोजल्या. ‘मला त्याच दिवशी कळलं होतं. तू सांगशील म्हणून थांबलो. नांदेडला आल्यावर चार महिने बॅग उघडली नव्हती, दोरीवरचेच दोन कपडे घालत होतो. काकांना लिहिलंय, जेवतो वेळेवर म्हणून. रविवारी सकाळच्या गाडीने येतो, वर चढून बोल्ट बघतो.’

चार महिने. मी तेव्हा रोज सांगायचं ठरवत होते आणि रोज उद्यावर टाकत होते, आणि तू तिथे भरलेल्या बॅगेशेजारी झोपत होतास. प्रणिताने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि बोट ठेवून स्वतः वाचलं. तुझं अक्षर तिला लागतं. म्हणाली, छापल्यासारखं आहे. मग तिनेही नाक पुसलं.

माफ केलं असं तू कुठे लिहिलेलं नाहीस. मी विचारतही नाही. तू येतोयस एवढं मला पुष्कळ आहे, आणि बोल्ट बघायला येतोयस असं म्हणून येतोयस तेही चालेल. खोलीत नवी गादी घातली आहे. ट्रंक जिथे होती तिथेच आहे, आणि कापड त्यात जसं होतं तसं परत ठेवलंय. त्याचं काय करायचं ते तू आल्यावर ठरवू. कुरडया या वर्षी केल्या नाहीत. अकरा वर्षांत केलेल्या नाहीत, बाजारच्याही आणल्या नाहीत. पुढच्या वर्षी करीन म्हणते, पण गच्चीवर, कबुतरांची राखण करत.

काचीगुड्याला उतरलास तर रिक्षा करू नकोस, प्रणिता स्कूटर घेऊन येते. नामपल्लीला उतरलास तर आधी कळव. हो, माझा नंबर आता मोकळा करशील तर बरं, हे सगळं टपालाने किती दिवस चालणार?

आणि एक सांगायचं राहिलं. बाबांची ती बांबूची शिडी मी त्याच महिन्यात रंगाऱ्यांना देऊन टाकली होती. त्यानंतर या घरात शिडी आणली नाही. बल्ब बदलायचा तर खुर्चीवर खुर्ची, आणि रेकूवर तर कुणी चढलंच नाही. काल तुझं पत्र वाचून झाल्यावर आम्ही दोघी जाऊन शिडी घेऊन आलो. अल्युमिनियमची, खाली रबर लावलेली. ऑटोत मावेना, अर्धी बाहेर. ऑटोवाला सारखा म्हणत होता, “अम्मा, जरा कस के पकडो.” मी धरली होती. बरकतपुऱ्यापर्यंत दोन्ही हातांनी धरली होती.

रविवारी दूध सकाळीच तापवून ठेवीन. तू वर चढ. शिडी मी धरते.

अक्का